एका दौऱ्याच्या तीन तारखा

मी एका बाईचा भूखंड घालवला. त्यासाठी मला तिच्या दारापर्यंत एकदाच जावे लागले, आणि तेव्हाही मी गाडीतून खाली उतरलो नाही. अहवालात मात्र मी तीन भेटी लिहिल्या. तीन वेगळ्या तारखा, तीन वेगळ्या वेळा आणि तिन्हींपुढे एकच शेरा: घटक बंद आढळला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी बाजू मांडल्यासारखी काही वाक्ये येतील. ती तशी वाचू नयेत.

आमचे काम काय असते ते आमच्या घरच्यांनाही नीट माहीत नसते. बायको शेजाऱ्यांना सांगते, "ते लोकांना धंदा काढून देतात." मी जिल्ह्याच्या उद्योग कार्यालयात निरीक्षक. तेव्हा अमरावतीला होतो, आता अकोल्याला आहे. एक साहेब, चार निरीक्षक, काही कारकून आणि एक जीप एवढाच आमचा संसार. ज्याला मसाल्याची चक्की, वेल्डिंगचे दुकान किंवा डाळीची लहान गिरणी काढायची आहे, त्याचा अर्ज आम्ही घेतो, तपासतो, बँकेकडे पाठवतो आणि बँकेकडून परत आला की पुन्हा पाठवतो. तालुक्याच्या गावी प्रशिक्षणे घेतो. तिथे हजेरीपटावर सह्या होतात, चहा होतो, आणि मागच्या रांगेतला कोणीतरी विचारतो, "साहेब, हे संपल्यावर सर्टिफिकेट आजच भेटन का?" महिन्याच्या शेवटी प्रगती अहवाल जातो. पुढच्या महिन्यात तोच तक्ता उघडून आकडे बदलायचे. असे मी बावीस वर्षे केले आहे.

त्यात भूखंडांचे एक काम असते. तालुक्याच्या गावाबाहेर लहानशी औद्योगिक वसाहत असते. तिथे जागा मिळते, शेड स्वतः बांधायची, आणि अट एकच की काम चालू पाहिजे. बरेच लोक जागा घेतात, तारेचे कुंपण घालतात आणि दहा-दहा वर्षे तिथे बाभळी वाढवतात. मागे रांगेत खरे गरजू लोक उभे असतात. म्हणून नियम आहे. निरीक्षकाने काही महिन्यांच्या अंतराने तीनदा जाऊन पाहायचे. तिन्ही वेळा बंद असेल तर नोटीस, मग सुनावणी, मग जागा परत घेऊन रांगेतल्या पुढच्याला द्यायची. नियम चांगला आहे. आजही मी तसेच म्हणेन.

त्या वर्षी साहेबांना वरून विचारणा झाली की बंद भूखंडांची यादी कुठे आहे. यादी नव्हती. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. साहेब मला म्हणाले, "वरूड तुमच्याकडे आहे ना? सोमवारी अहवाल टेबलवर पाहिजे. तीन भेटींसह." शेवटचे दोन शब्द त्यांनी फाईलमध्ये पाहत म्हटले. माझ्या वर्षभरात एकही भेट झालेली नाही, हे त्यांना माहीत होते की नाही, मी सांगू शकत नाही. मीही विचारले नाही.

गाडी चालवायला आमचे ड्रायव्हर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. अंगाने किडकिडीत, तोंडाने तिखट. वरूडच्या वसाहतीत आम्ही दुपारी बाराच्या पुढे पोहोचलो. मेच्या शेवटी त्या भागात बारा वाजता माणूस काय, कुत्रेही रस्त्यावर दिसत नाही. मी डोक्याला ओला रुमाल बांधून काचा बंद करून बसलो होतो. एकेका भूखंडासमोर मामा गाडी हळू करत, मी खूण करत असे. सहाव्या का सातव्या ठिकाणी पत्र्याची मोठी शेड होती. शटर खाली, कुलूप लावलेले. वर पत्र्याच्या पाटीवर रंगाने काढलेले संत्रे उन्हाने फिके पडून लिंबासारखे दिसत होते. त्याखाली एका बाईचे नाव आणि 'संत्रा ग्रेडिंग व पॅकिंग'.

"बंद," मी म्हणालो.

मामाने गाडी थांबवली. "साहेब, उतरा न जरा. आजूबाजूले इचारा."

"कुलूप दिसतंय इथून."

"कुलूप तं असनच. मे महिन्यात संत्र कुठून आनतीन ते? झाडावर तं एक नाई."

"मग तुम्हीच लिहा अहवाल."

"मले लिहिता आलं असतं तं मी तिकडं बसलो असतो अन् तुमी गाडी चालवली असती," मामा म्हणाले.

आम्ही दोघेही हसलो. मी काच अर्धी खाली करून मोबाइलवर फोटो काढला. आता फोटोवर जागा आणि वेळ आपोआप छापून येते, तेव्हा तशी सक्ती नव्हती. काच वर केली. गाडी पुढे गेली.

शनिवारी दुपारी कार्यालय रिकामे असताना मी अहवाल लिहिला. एक भेट झाली होती, दोन हव्या होत्या. मी गाडीचे लॉगबुक मागवले आणि माझी दौरा दैनंदिनी उघडली. डिसेंबरात एका प्रशिक्षणासाठी आणि फेब्रुवारीत बँकेच्या बैठकीसाठी मी वरूडला गेलो होतो. वसाहत तिथून दहा मिनिटांवर होती. त्या दोन्ही तारखा मी उचलल्या. गाडीचे किलोमीटर जुळत होते, मुक्काम जुळत होता. कोणी तपासले असते तरी त्या दिवशी मी वरूडला होतोच. वेळा घातल्या: सकाळी साडेअकरा, दुपारी साडेतीन. पंखा फिरत होता. मी चहा मागवला, तो आला, प्यायलो आणि पुढच्या भूखंडाकडे वळलो.

मी वलगावचा. या मातीत वाढलेला माणूस. संत्र्याचे दोन बहार असतात, एक दिवाळीच्या सुमाराला सुरू होऊन डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालतो आणि दुसरा फेब्रुवारी ते एप्रिल, हे मला कोणी शिकवावे लागत नाही. मी ज्या डिसेंबरातल्या तारखेला तिची शेड बंद आढळली असे लिहिले, त्या दिवशी परतताना मामाने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली होती आणि आम्ही कॅरेटमधून निवडून संत्री घेतली होती. रस्त्याला दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टर उभे होते. हे मला अहवाल लिहिताना आठवले नाही. किंवा आठवले असेल आणि त्याचा माझ्या हातातल्या कागदाशी संबंध आहे असे वाटले नसेल. यातले खरे कोणते, ते मी खूपदा शोधले आहे. सापडत नाही.

पैसे घेतले होते का, असे पुढे एकाने मला आडून विचारले. नव्हते. घेतले असते तर निदान मी हे कशासाठी केले ते तरी सांगता आले असते.

नोटीस गेली. जूनच्या शेवटी ती बाई कार्यालयात आली. चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, हातात प्लास्टिकचे फोल्डर. लग्नानंतर बारा-तेरा वर्षे ती दुसऱ्यांच्या पॅकिंग केंद्रांवर संत्री निवडायला जात होती. नवरा ट्रक चालवायचा. मग तिने जागेसाठी अर्ज केला, रांगेत थांबली, शेड उभी केली आणि एक जुनी ग्रेडिंग मशीन आणून बसवली. ही माहिती फाईलमध्ये होती. मी ती तोवर वाचली नव्हती.

तिने दारातूनच विचारले, "वरूडचे साहेब कोन हाय?"

कारकुनाने माझ्याकडे बोट केले. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि नोटिशीसोबतचा अहवाल माझ्यापुढे ठेवला.

"ह्या तारखेले तुमी आलते?"

"लिहिलंय तसं."

"लिहिलेलं मी वाचलं, साहेब. तुमी आलते का, ते इचारून राहिली मी."

"ताई, सुनावणीची तारीख दिली आहे. तिथे सांगा."

"डिसेंबरात आमच्या इथं पाय ठेवाले जागा नसते. चौदा बाया बसतेत. दारात ट्रक उभा असते. तुमाले ट्रक नाई दिसला?"

शेजारच्या टेबलावरून कारकून म्हणाला, "ट्रकामागं शेड लपली असन, बाई."

तीन-चार जण हसले. मीही हसलो. बाई हसली नाही. तिने कागद घेतला, फोल्डरमध्ये नीट सरळ ठेवला आणि विचारले, "सुनावनीले बाया आनल्या तं चालतीन का?"

"आणा," मी म्हणालो.

तिने दोघींना आणले. त्या दिवशीचा रोज बुडवून त्या पहाटेच्या एसटीने आल्या होत्या. साहेबांच्या दालनात त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितले, पाणी दिले आणि ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुमच्याकडे काम करणाऱ्यांचं म्हणणं मला पुरावा म्हणून धरता येत नाही. कागद काय आहे?"

बाईने विजेची बिले काढली. साहेबांनी ती एकेक पाहिली. मीटर वाचायला माणूस वर्षभर आलेलाच नव्हता. मे असो की डिसेंबर, दर महिन्याला सरासरीचे तेवढेच युनिट छापले होते. त्यावरून शेड चालू होती हेही दिसत नव्हते आणि बंद होती हेही नाही. न जाता लिहिणारा मी एकटा नाही, असे तेव्हा माझ्या मनात आले आणि मला जरा बरे वाटले. हेही कबूल करायला हवे.

"व्यापाऱ्याच्या पावत्या?"

"व्यापारी पावती देते का, साहेब? माल भरला, तोंडानं बोलनं झालं, ट्रक गेला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "तिन्ही वेळा तुम्ही स्वतः गेला होतात?"

खोलीत पाच माणसे होती. मागे कूलर चालू होता. एक 'नाही' म्हटले असते तर ते प्रकरण तिथेच संपले असते. फार तर मला कारणे दाखवा नोटीस आली असती. माझ्या सेवापुस्तकात एक ओळ आली असती.

"हो साहेब," मी म्हणालो.

त्या दोघींपैकी एक हळूच दुसरीला म्हणाली, "काय बाप्पा हा मानूस." ते सगळ्यांना ऐकू गेले. बाईने तिला डोळ्यांनी गप्प केले. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही, फाईलकडे पाहिले. फाईलच्या कडेला वाळवीने खाल्ल्याची नक्षी होती. तीच मला अजून स्पष्ट दिसते.

ऑगस्टमध्ये जागेचा ताबा घ्यायचा होता. पंचनामा करायला मलाच पाठवले. आम्ही गेलो तेव्हा ती, तिचा नवरा आणि पाच-सहा बाया शेडचे पत्रे काढत होत्या. नवरा वर चढून नट सैल करायचा, बाया खालून पत्रा झेलायच्या. निघालेले नट-बोल्ट बाई एका बादलीत टाकत होती. मी कडेला उभा होतो.

"उन्हात काहून उभे? हे घ्या," म्हणून तिने एक कॅरेट उलटे करून माझ्यापुढे सरकवले. मी बसलो. काम दोन तास चालले. शेवटी मशीन ट्रॅक्टरवर चढली, दोरांनी बांधली गेली. मी पंचांच्या सह्या घेतल्या आणि पंचनामा सहीसाठी तिच्यापुढे धरला.

सही करता करता ती म्हणाली, "आज मात्र पुरा टाइम बसले तुमी."

एका बाईने तोंडाला पदर लावला. मी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. परतीच्या वाटेवर मोर्शी गेल्यावर मामा बोलले.

"साहेब, सुनावनीत मले बोलावलं असतं तं…"

"तर काय?"

"काई नाई. नाई बोलावलं ते बरं झालं. माहे दोन वर्स राहिले रिटायर व्हाले."

मामा दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोप समारंभात मी त्यांच्याविषयी चार चांगली वाक्ये बोललो.

भूखंड रांगेतल्या पुढच्या माणसाला गेला. तो तिथे सिमेंटच्या फरशा तयार करतो. बारा महिने काम चालू असते. त्याची यात काहीच चूक नाही.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. लोक म्हणतात, असे काही केल्यावर झोप उडते. माझी उडाली नाही. जेवण जात होते. माझी बदली अकोल्याला झाली. तिथे संत्र्याऐवजी डाळ आणि सरकी, बाकी तक्ते तेच. एकदा बायको वाढताना म्हणाली, "हल्ली तुम्ही जेवताना काही बोलतच नाही."

"हल्ली म्हणजे?"

ती पोळीवर तूप घालत म्हणाली, "तीन-चार वर्षं झाली असतील."

मी भाजी मागून घेतली.

मागच्या वर्षी दिवाळीआधी अमरावतीला विभागाची बैठक झाली. नवीन भूखंडांसाठी आलेल्या अर्जांची छाननी होती. प्रत्येक तालुक्याची यादी कोणीतरी मोठ्याने वाचायची, इतरांनी आपल्या प्रतीवर खुणा करायच्या. माझा आवाज बरा आहे म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी वाचत गेलो. नाव, गाव, उद्योग, पात्र. नाव, गाव, उद्योग, अपात्र, कारण. वरूडच्या यादीत तिचे नाव आले. संत्रा ग्रेडिंग व पॅकिंग. अपात्र. कारण: यापूर्वी मंजूर केलेला भूखंड विनावापर ठेवला. मी ते वाचले आणि पुढच्या नावावर गेलो. यादी संपल्यावर समोसे आले. मी एक खाल्ला.

बडनेरा सोडून बस मूर्तिजापूरकडे निघाली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की ते मी वाचले होते. एका सुनावणीत तिची एक जागा गेली, एवढाच हिशेब मी इतकी वर्षे धरून बसलो होतो. तसे नव्हते. ते वाक्य कार्यालयात जिवंत होते. ती जेव्हा जेव्हा अर्ज करील तेव्हा तेव्हा कोणीतरी तक्ता उघडून ते तिच्या नावापुढे डकवणार होते, तिला कधीही जागा मिळणार नव्हती, आणि यात कोणालाही पुन्हा खोटे बोलावे लागणार नव्हते. बसमध्ये माझ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते. त्यांचे डोके माझ्या खांद्यावर येत होते. मी ते येऊ दिले. एवढेच कळले की आता जावे लागेल.

तरी सहा आठवडे मी गेलो नाही. कधी ऑडिट होते, कधी मेळावा होता. खरे कारण म्हणजे जाऊन काय म्हणायचे ते ठरत नव्हते. कागद घेऊन बसलो की 'उपरोक्त विषयास अनुसरून' याच्यापुढे पेन सरकत नसे. डिसेंबरात शेवटी किरकोळ रजा टाकली. बायकोला म्हटले, वरूडला काम आहे. ती म्हणाली, "येताना संत्री आणा."

वरूडला स्टँडवरच्या ऑटोवाल्याला बाईचे नाव सांगितले. तो म्हणाला, "ते ग्रेडिंगवाली मावशी का? वावरात बसते ते आता. बसा." गावाबाहेर तीन-चार किलोमीटरवर एका बागेच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, चार बल्ल्यांवर पत्रे टाकून आडोसा केला होता. पत्रे मी ओळखले. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली ग्रेडिंग मशीन होती. दारात ट्रक उभा होता. आत बाया दोन रांगांत बसून हाताने संत्री निवडत होत्या. मोठे इकडे, मध्यम तिकडे, डागी मागे. हात चालू, तोंड चालू. कोणाच्या तरी सुनेवरून हसणे चालले होते. मी आत आल्यावर ते थांबले.

बाईने मान वर केली. केस बरेच पांढरे झाले होते. तिने मला लगेच ओळखले.

"या साहेब. आता काय घ्याले आले? हे वावर तं माह्यं नाई, भाड्याचं हाय."

"घ्यायला नाही आलो, ताई."

"मंग बसा. कॅरेट घ्या, तुमाले माईत हाय कसं बसाचं ते."

बाया हसल्या. मी बसलो. ती संत्री निवडत राहिली. मी मशीनकडे पाहून विचारले, "चालत नाही का?"

"इजेची लाइन शेतीची हाय. तीन दिवस दिवसा, चार दिवस रात्री. मशीनीले लाइन पायजे दिवसा अन् बाया येतेत दिवसा. मंग हातानंच करतो. जिथं दोन ट्रक निंगायचे तिथं एक निंगते." मग म्हणाली, "जागेसाठी अर्ज केलता. नामंजूर झाला."

"माहीत आहे. मीच वाचला तो."

तिचा हात थांबला. मी सांगायला सुरुवात केली. मी एकदाच आलो होतो, मे महिन्यात, आणि गाडीतून उतरलो नव्हतो. डिसेंबर आणि फेब्रुवारीच्या तारखा मी टेबलावर बसून लिहिल्या. साहेबांनी विचारले तेव्हा खोटे बोललो. मी हे सरळ, एकामागून एक सांगितले, जशी बैठकीत यादी वाचतो तसे. मला दुसऱ्या आवाजात बोलता येत नव्हते.

ती म्हणाली, "हे मले माईत हाय. मले सांगून काय उपयोग? तुमच्या ऑफिसले माईत नाई."

"म्हणूनच आलो. लिहून देतो."

"नोकरी जाईन?"

"सांगता येत नाही. चौकशी लागेल."

"मंग काहून लिहून राहिले? एवढे वर्स तं नाई लिहिलं."

"तुमच्या नावापुढे जे वाक्य आहे ना, ते माझं आहे. ते मी काढल्याशिवाय निघत नाही."

तिने मागे वळून एकीला म्हटले, "माय, त्या पिशवीतून वही दे वं. अन् पेन पाह्य, चालते का."

कॅरेटवर वही ठेवून मी लिहिले. आता ते सोपे गेले. दोन्ही तारखा लिहिल्या, त्या दिवशी मी त्या जागी गेलो नव्हतो असे लिहिले, सदर घटक बंद होता हे म्हणण्यास मला कोणताही आधार नव्हता आणि सुनावणीत मी दिलेले उत्तर असत्य होते, असे लिहिले. सही केली, हुद्दा लिहिला. एक प्रत तिला दिली, एक मी अमरावतीच्या कार्यालयात आवक शिक्का घेऊन द्यायची ठरवली. ती मी दुसऱ्या दिवशी दिली. तिचा निकाल आणि माझा निकाल, दोन्ही अजून लागायचे आहेत.

तिने कागद हातात घेतला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. दोनदा वाचला. मग तो माझ्यापुढे धरून म्हणाली, "समदं बरोबर हाय. पन यात माफी कुठं हाय?"

"ऑफिसच्या कागदात तसं लिहीत नाहीत, ताई."

"नाई ना? मंग तोंडानं बोला. अन् मले एकटीले नाई. ह्या बायाईसमोर बोला. यातल्या दोघी आल्त्या तुमच्या सायबासमोर, त्यायले खोटं ठरवलं तुमी."

भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या त्या दोघी कोणत्या, ते मला ओळखता येईना. मी उठून उभा राहिलो. सगळ्यांचे हात थांबले होते. बाहेर ट्रकवाल्याने गाणे बंद केले. मी दोन्ही रांगांकडे पाहिले आणि हात जोडले.

"मी इथला निरीक्षक होतो. तुम्ही काम करत होता आणि मी न येताच तुमचं काम बंद आहे असं लिहिलं. तुमच्यापैकी दोघी खरं सांगायला आल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्यासमोर खोटं बोललो. तुमची जागा माझ्यामुळे गेली. मला कोणी सांगितलं म्हणून नाही, मला गाडीतून उतरायचा कंटाळा आला म्हणून. माझं चुकलं, ताई. मला माफ करा."